मावसदीर म्हणतायत बॉन्डवरचा प्लॉट घ्या, घेऊ का?

प्रश्न: नमस्कार काका. आम्ही बेळगावात अनगोळमध्ये भाड्यानं राहतो. मिस्टर उद्यमबागेत मशीन शॉपला आहेत, मी घरी शिवणकाम करते. काटकसर करून १८ लाख जमवलेत. माझे मावसदीर प्लॉटचं एजंटचं काम करतात, ते येळ्ळूर रोडच्या बाजूला शेतात पाडलेला ३०-४० फुटांचा प्लॉट १४ लाखात देतो म्हणतात, पण बॉन्डवर, म्हणजे खरेदीखत नाही, नुसता नोटरीचा करार. तेवढाच प्लॉट बुडा (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) मंजूर लेआउटमध्ये विचारला तर ३५ च्या पुढे सांगतात. भाऊजी म्हणतात रिंग रोड येणार, दोन वर्षांत पैसे डबल, आणि गुंठेवारी कायद्यात सगळं रेग्युलर होतंय. शिवाय सासऱ्यांची खानापूर तालुक्यात चुलत्यांबरोबर सामाईक सव्वा एकर आहे, तिला गोव्याचं गिऱ्हाईक आलंय, ती विकून बांधकाम करूया असं मिस्टर म्हणतात. नणंद एकच, गडहिंग्लजला दिलीय. काय करावं?
(एक वाचक, अनगोळ)

उत्तर: ताई, आधी सरळ सांगतो, कारण अशा व्यवहारात टोकन द्यायची घाई फार केली जाते. हा प्लॉट घेऊ नका. सासऱ्यांच्या जमिनीचं शेवटी बोलतो, ते इतकं सोपं नाही.

पण मी नुसतं नको म्हटलं तर तुमच्या घरात वादच होणार. मिस्टर म्हणतील, अमक्यानं असाच बॉन्डवर घेतला होता की ओ, आज दोन मजली घर आहे, लाईट आहे, बोअर आहे, घरपट्टी पण भरतोय. आणि ते खोटं नाही. वडगाव, अनगोळ, कंग्राळी, कणबर्गी, कुठल्याही बाजूला जा, अशा घरांच्या गल्ल्याच्या गल्ल्या दिसतील आणि त्यात राहणारी माणसं काही लबाड नाहीत, तुमच्यासारखीच कष्टाची आहेत. म्हणून १४ आणि ३५ मधला फरक नेमका कशाचा आहे ते आधी बघूया, मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे कागद तपासलेत त्यामुळे मला सगळं त्या बाजूनंच दिसतं हे पण मान्य.

एक एकर म्हणजे ४० गुंठे. हिशोबापुरतं धरा की एकर २ कोटीला मिळाली. मंजुरी घेऊन लेआउट करायचा तर आधी एनए, म्हणजे जमीन बिगरशेती करून घ्यायची, मग बुडाकडे नकाशा, त्यात रस्ते सोडा, बागेची जागा सोडा, सार्वजनिक सोयीची जागा सोडा, हे सगळं सोडून विकायला साधारण २२ गुंठे उरतात. म्हणजे नुसत्या जमिनीचेच गुंठ्याला ९ लाख झाले. वर रस्ता, गटार, ड्रेनेज, हेस्कॉमचे (वीज कंपनीचे) खांब, पाण्याची लाईन, फिया, आणि फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत अडकलेल्या पैशाचं व्याज. आता बॉन्डवाला काय करतो, चुना मारून १५ फुटांची बोळ सोडतो आणि ४० पैकी ३४ गुंठे विकतो. त्याला गुंठा ५ लाख ८८ हजाराला पडला, वर खर्च जवळजवळ शून्य, एनए नाही, गटार नाही, काही नाही. म्हणजे तुम्हाला जी सूट मिळतेय ती मावसदिरांच्या मायेपोटी नाही, रस्ता-गटार-बाग जे करायला पाहिजे होतं ते कुणी केलं नाही त्याचे पैसे आहेत ते. ते काम पुढं कधीतरी करावंच लागणार, आणि तेव्हा वर्गणी तुमच्याकडनंच.

मग लोक का घेतात? कारण मंजूर प्लॉट बाजारात आहेतच कमी. आणि ते कमी का आहेत ही खरी गोष्ट आहे, जरा दमानं वाचा.

शहर वाढतंय. उद्यमबाग, मच्छेला विद्यापीठ, केएलईची कॉलेजं आणि हॉस्पिटल, मिलिटरी, कोर्टकचेरी, आणि खानापूर, चंदगड, बैलहोंगलाकडनं शिकायला आणि नोकरीला येणारी पोरं. २०११ च्या जनगणनेतच शहर पावणेपाच लाखाच्या वर होतं. एवढ्यांना घरं पाहिजेत तर वेळेवर जमीन घेऊन लेआउट पाडायचं काम बुडाचं. पण बुडानं जमीन मागितली की शेतकरी कोर्टात. कणबर्गीची योजना किती वर्षं लटकली ते सगळ्यांनी बघितलंय. रस्त्याचं पण तेच, हलगा-मच्छे बायपाससाठी शहापूर, वडगाव, अनगोळ भागातले शेतकरी वर्षानुवर्षं भांडले. त्यात पैसा हा एकच मुद्दा नव्हता, अशी काळी कसदार बासमतीची जमीन कोण सोडेल? पण पैशाचा मुद्दा होता आणि तो कुठून आला ते मजेशीर आहे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात नुकसानभरपाई काढताना सरकार बघतं काय, तर एक म्हणजे गायडन्स व्हॅल्यू (सरकारनं ठरवलेला किमान भाव), आणि दुसरं म्हणजे त्या भागात आधीच्या तीन वर्षांत झालेली खरेदीखतं, त्यातली जास्त किमतीची निम्मी घेऊन त्यांची सरासरी. दोन्हीत जे जास्त ते. हायवेसाठी घेतलेल्या जमिनीला पण २०१५ पासून हीच पद्धत लागू आहे. आता आपल्याकडे खरेदीखतात आकडा कोणता घालतात? गायडन्स व्हॅल्यूएवढा, बाकीचं रोख, पिशवीतनं. घेणाऱ्याची स्टॅम्प ड्युटी वाचते, विकणाऱ्याचा टॅक्स वाचतो, दोघं खूश. आणि बॉन्डवरचा व्यवहार तर सबरजिस्ट्रारच्या दप्तरात येतच नाही. म्हणजे गावात गुंठा १२ लाखाला जातोय हे चहाच्या गाड्यावर सगळ्यांना माहीत, कागदावर मात्र तो ३ लाखाचा. मग नोटीस आली की सरकार कागद बघून भाव ठरवतं, शेतकरी म्हणतो लुटलं आम्हाला, आणि त्याच्या बाजूनं बघितलं तर लुटलंच की! मग केस, स्टे, दहा वर्षं. दहा वर्षं बुडाचा लेआउट नाही म्हणजे मंजूर प्लॉट कमी, कमी म्हणून ३५ लाख, ३५ परवडत नाही म्हणून तुमच्यासारखी माणसं बॉन्डकडे, आणि बॉन्डचा प्रत्येक व्यवहार परत कागदाबाहेर. हे असंच गोल फिरतंय. यात प्लॅनिंगवाले बाजाराच्या मागून लंगडत येतात, बाजार प्लॅनच्या अफवेवर पुढं पळतो, आणि मधे सापडतो तो १८ लाखवाला.

आता तुमच्या प्लॉटचं. बॉन्ड म्हणजे काय, स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर लिहिलेला करार. १०० रुपयांच्या वरची कुठलीही स्थावर मालमत्ता रजिस्टर खरेदीखताशिवाय तुमच्या नावावर होत नाही, हा इंग्रजांच्या काळापासूनचा कायदा आहे, आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं सूरज लॅम्पच्या केसमध्ये परत स्पष्ट सांगितलं की नुसता करार, मुखत्यारपत्र, मृत्युपत्र असल्या कागदांवर मालकी जात नाही. तुमच्याकडे बॉन्ड असेल, आरटीसी उताऱ्यावर (आपला इकडचा सातबारा) नाव मात्र त्या शेतकऱ्याचंच. उद्या त्यानं सोसायटीचं कर्ज काढलं तर बोजा तुमच्या घराखालच्या जमिनीवर. तो वारला की त्याची मुलं-मुली वारस, त्यातली एखादी म्हणाली की मी कुठं सही केलीय, तर मग फिरा कोर्टात. आणि रिंग रोडवाल्यांनी तोच सर्वे नंबर घेतला तर भरपाईचा चेक उताऱ्यावरच्या नावानं निघतो. तुम्ही बॉन्ड घेऊन ऑफिसच्या बाहेर.

गुंठेवारीचं ऐकून मला हसू आलं, रागावू नका. तो कायदा महाराष्ट्राचा. २००१ चा, मग २०२१ मध्ये त्यांनी मुदत पुढं ढकलली, आणि तिकडच्या वकिलांचे व्हिडिओ आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, भाषा आपली म्हणून आपल्याला वाटतं कायदा पण आपलाच. कोल्हापूर, चंदगडला तो चालेल, सीमेवरचं शिनोळी ओलांडून अलीकडे आलात की चालत नाही. (सीमाप्रश्नात आपल्याला कुणी काय द्यायचं ते देवो, सध्या सातबारा आणि रेडी रेकनर तिकडे, आरटीसी आणि गायडन्स व्हॅल्यू इकडे.) आपल्याकडे असलं नियमित करायची योजना म्हणजे अक्रम-सक्रम, तिला सुप्रीम कोर्टानं २०१७ च्या जानेवारीत स्टे दिला. त्यानंतर २०२५ मध्ये शहरी भागातल्या असल्या मालमत्तांना बी-खाता द्यायची मोहीम निघाली, त्यालाच बहुतेक भाऊजी रेग्युलर म्हणत असतील. पण बी-खाता म्हणजे मालमत्ता पालिकेच्या वहीत आली आणि टॅक्स सुरू झाला एवढंच. टॅक्स भरला म्हणून लेआउट मंजूर होत नाही. शिवाय तो मिळायलाही आधी रजिस्टर कागद लागतो, आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून शहरी मालमत्तेचं खरेदीखत ई-खात्याशिवाय (पालिकेच्या ऑनलाइन मालमत्ता उताऱ्याशिवाय) होत नाही. म्हणजे आधी ज्यांनी बॉन्डवर घेऊन पुढं कसंतरी जमवलं त्यांची वाट आता अरुंद झालीय. शेजाऱ्याचं झालं म्हणून आपलं होईल हा हिशोब इथं फसतो, कारण त्यानं घेतला तेव्हाचे नियम वेगळे होते. वीज कनेक्शनचंही तसंच, २०२४ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पूर्णत्वाचा दाखला असल्याशिवाय वीज-पाणी जोडू नका, मग राज्यभर किती घरं मीटरशिवाय अडकली ते पेपरात वाचलं असेल.

तुम्ही येळ्ळूर रोडची बाजू म्हणताय तर अजून एक. तिथला शिवार बळ्ळारी नाल्याचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये नाला फुगला की पाणी शेतात पसरतं, भात कुजलं, दुबार पेरणी, हे दरवर्षी वाचतो आपण, आणि २०१९ ला तर शहरातच घरांत पाणी शिरलं. पाणी पसरायला जागा पाहिजे म्हणूनच ते शेत आहे ओ! तिथं मातीची भर टाकून प्लॉट पाडला की पाणी शेजारच्यांकडे जातं, शेजारच्यांनी भर टाकली की तुमच्याकडे येतं. मिस्टरांना म्हणावं प्लॉट बघायला मे महिन्यात जाऊ नका, भर पावसात चार दिवस संततधार लागली की जा आणि तिथल्या कुळाला विचारा की पाणी कुठपर्यंत येतं. एजंटला नको विचारायला.

रिंग रोडनं डबल होणार म्हणतात. होईलही. पण अलाइनमेंटचा नकाशा आणि नोटीशीतले सर्वे नंबर बघितल्याशिवाय हे बोलणं हवेतलं आहे. रस्ता प्लॉटजवळनं जातोय की प्लॉटवरनं, हा प्रश्न आधी. दुसरं म्हणजे बायपास-रिंग रोडवर कुठूनही चढता-उतरता येत नाही, सर्व्हिस रोड आणि अंडरपास कुठं देतात त्यावर सगळा भाव असतो, नाहीतर रस्ता समोर दिसतो आणि त्याच्यावर जायला तीन किलोमीटर वळसा. २०१२ ला सुवर्णसौध (विधिमंडळाची इथली इमारत) उघडलं तेव्हापासून हलगा-बस्तवाडचं असंच चाललंय, आता सगळी ऑफिसं येणार म्हणून लोक आशेवर, आणि राज्यस्तरीय ऑफिसं इकडे आणा ही मागणी अजून चालूच. सरकारच्या घोषणेवर पैसे लावायचे असतील तर ते बुडाले तरी संसार हलणार नाही एवढे लावावेत. तुमचे १८ लाख तसले नाहीत.

मावसदिरांना तोंडावर नाही म्हणायला अवघड वाटत असेल तर एक युक्ती सांगतो. त्यांना म्हणा, भाऊजी, आम्हाला प्लॉट आवडला, फक्त बँकेकडनं ३ लाखाचं लोन काढायचंय, कागद द्या. लोन तुम्हाला नको असलं तरी मागा. बँकेचा वकील मागचे तीस वर्षांचे कागद बघतो, एनएचा आदेश, लेआउटची मंजुरी, ११ई नकाशा (विकायच्या तुकड्याचा मोजणी नकाशा), ईसी (जमिनीवर बोजा आहे का त्याचा दाखला), ई-खाता, आणि रेराचा (प्लॉट-फ्लॅट विकणाऱ्यांवरच्या कायद्याचा) नंबर. ५०० चौरस मीटरच्या वर जागेत प्लॉट पाडले की रेरा लागतो, आणि ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे, तेव्हा "आमचं छोटं आहे, आम्हाला रेरा लागत नाही" हे ऐकून घेऊ नका. बँकेनं नाही म्हटलं की वाईटपणा बँकेकडे, तुमचं नातं शाबूत. आणि कागद सगळे कन्नडमध्ये असतात, तेव्हा ज्याला कन्नड नीट वाचता येतं आणि ज्याला या व्यवहारात कमिशन नाही अशा माणसाकडनं वाचून घ्या. आपल्यातले किती तरी लोक आकडा बघतात आणि सही ठोकतात.

मग १८ लाखात करायचं काय? मला विचाराल तर नवीन शेतातल्या प्लॉटचा नाद सोडून जुन्या वस्तीत बघा. शहापूर, खासबाग, जुनं बेळगाव, वडगाव इथं सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर असलेली, प्रॉपर्टी कार्ड निघणारी जुनी घरं वाटण्या झाल्या की विकायला येतात, कधी अर्धं घर येतं. बोळ अरुंद, गाडी दारात लागत नाही, पलीकडच्या घरातला मागाचा खटखटाट, हे सगळं आहे. पण गटार आहे, नळ आहे, मालकी स्वच्छ असली तर लोन मिळतं, आणि मिस्टरांना उद्यमबाग सायकलच्या अंतरावर. नाहीतर बुडाच्या जुन्या स्कीममधला २०-३० चा रिसेल प्लॉट, ६०० फूट. छोटा वाटेल, पण त्यावर वर-खाली दोन खोल्या होतात. १८ तुमचे आणि बाकी कर्ज, मिस्टरांची पगाराची स्लिप असेल तर हप्ता बसतो का ते बँकेत विचारून या. आज जे भाडं देताय त्याच्यापेक्षा हप्ता फार वर जात असेल तर अजून दोन वर्षं भाड्यानं राहिलात म्हणून काही बिघडत नाही. भाड्यानं राहणं म्हणजे पैसे वाया ही समजूत एजंट लोकांनीच पसरवलीय असं मला कधीकधी वाटतं.

आता खानापूरची जमीन. गोव्याचं गिऱ्हाईक आलंय ते उगाच नाही. २०२० पर्यंत आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नव्हती, शेतीबाहेरचं उत्पन्न ठराविक रकमेच्या वर असेल तरी नाही. ती कलमं, ७९अ आणि ७९ब, सरकारनं काढून टाकली. तेव्हापासून खानापूरकडची हिरवळ, पाणी आणि गोव्याचा रस्ता बघून बाहेरचा पैसा यायला लागला, कुणी फार्महाऊस म्हणतं, कुणी रिसॉर्ट. म्हणजे घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही. आज हे गेलं तर उद्या दुसरं गिऱ्हाईक येईल.

शिवाय विकणार कसं? जमीन सामाईक आहे. आधी मोजणी, पोडी (हिस्से मोजून वेगळे करणं), तुमच्या हिश्श्याचा ११ई नकाशा, मग विक्री. असं न करता चुलत्यांच्या तोंडी वाटणीवर गिऱ्हाईकाकडनं ॲडव्हान्स घेतला तर पुढं चुलत्यांशी कायमचं वाकडं. आणि नणंद. वडिलोपार्जित असेल तर तिचा हिस्सा मुलाएवढाच, २००५ च्या दुरुस्तीनं आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं ते अगदी पक्कं केलंय, वडील २००५ च्या आधी वारले असले तरी. आपल्याकडे राखी झाली की बहिणीकडनं हक्कसोड घ्यायची पद्धत आहे, साडीचोळी देऊन. तसं करू नका. तिला गडहिंग्लजला जाऊन आकडा सांगा, काय पाहिजे विचारा, पैसे नको म्हणाली तर तिच्या मर्जीनं रजिस्टर हक्कसोड करा.

आणि विकायचंच ठरलं तर पूर्ण रक्कम खरेदीखतात, चेकनं किंवा आरटीजीएसनं. गिऱ्हाईक म्हणेल अर्धं रोख देतो. २०,००० किंवा त्याच्या वर रोख घेतलं तर इन्कम टॅक्सवाले तेवढाच दंड लावू शकतात, आणि तुम्हाला लपवायचं कारणच नसेल, कारण महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत ६ किलोमीटरच्या आत आणि खानापूरसारख्या छोट्या गावाच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या आत नसलेल्या शेतजमिनीवर कॅपिटल गेनचा टॅक्स लागतच नाही. अंतर सीएला दाखवून घ्या. पूर्ण आकडा कागदावर आला तर उद्या त्या गावात रस्त्याला नाहीतर रेल्वेला जमीन गेली तेव्हा तुमच्या चुलत सासऱ्यांना आणि बाकीच्यांना त्याच आकड्याचा आधार मिळतो, हेही मिस्टरांना सांगा.

पण माझं मत विचाराल तर आत्ता विकू नका. उताऱ्यावर नाव असलेली सव्वा एकर विकून तो पैसा उताऱ्यावर नाव नसलेल्या प्लॉटवर बांधकामात घालायचा, हा उलटा व्यवहार झाला. नुसती पोडी करून घ्या, खर्च थोडा आहे, वेळ मात्र लागतो, सर्व्हेयर तारीख देतो आणि येत नाही, त्याची तयारी ठेवा. सासरे हिंडते-फिरते आहेत तोवर हे काम करून घेतलेलं बरं, बांध कुठून कुठपर्यंत हे त्यांनाच पाठ असणार.

टोकन दिलं असेल तर पावती आहे का, कुणाच्या नावानं दिलं, एजंटला की शेतकऱ्याला, ते लिहून परत कळवा, त्याचं उत्तर वेगळं आहे.